पनवेल सोडलं तेव्हा पनवेलकर झाले

पनवेलमध्ये पनवेलकर सहसा सापडत नाहीत. जुन्या पनवेलच्या आळ्यांतून दारावरच्या पाट्या वाचत हिंडलात तर पाटील, म्हात्रे, ठाकूर, भगत, जोशी, बापट, गुप्ते असे सगळे भेटतील. पनवेलकर भेटतो तो पुण्याच्या पेठेत, भायखळ्याच्या एखाद्या जुन्या चाळीत, नाहीतर थेट इस्रायलमध्ये. लहानपणी मला याचं फार नवल वाटे. आमच्या शाळेच्या हजेरीपटावर पेणकर होते, रोहेकर होते, पनवेलकर एकही नव्हता. आजीला विचारलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अगं, गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावील? ते परगावचे लोक लावतात. इथून उठून दुसरीकडे गेलं की मग माणूस पनवेलकर होतो."

आजी चौथीपर्यंत शिकलेली. पण आडनावांचा अभ्यास करणारे पंडित जे सांगतात तेच तिनं एका वाक्यात सांगितलं होतं. इंग्लंडातही गावावरून पडलेली आडनावं अशीच, गाव सोडलेल्यांची. 'गांधी' चित्रपट काढणारे रिचर्ड ॲटनबरो आपल्याला ठाऊक असतात. त्यांचं आडनाव नॉटिंगहॅमशायरमधल्या ॲटनबरो या लहानशा खेड्यावरून आलेलं. तिकडे असं एखादं दुर्मीळ आडनाव उचलून त्याचा माग काढणारे हौशी लोक पुष्कळ आहेत, 1979 पासून त्यांची एक संस्थाच आहे. त्यांच्या हाताशी मोठं भांडवल आहे. 1538 साली तिथल्या प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत नोंदवण्याचा हुकूम झाला, आणि त्यातल्या पुष्कळ वह्या आजही वाचता येतात. आपल्याकडे क्षेत्रोपाध्यांच्या वह्या आहेत, इनामाचे कागद आहेत, पण ते ज्यांच्याकडे जमीनजुमला आणि तीर्थयात्रेला पैसा होता त्यांचे. तेली, सुतार, खलाशी, शिपाई यांच्या आडनावांचा इतिहास म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी राहिला. म्हणून मी जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं आजी, आजोबा आणि शेजारच्या मावशीआजींकडून ऐकलेलं आहे. नंतर ते पुस्तकांशी ताडून पाहिलं.

आजोबांच्या गोष्टी सगळ्या बंदराच्या. आज पनवेल म्हटलं की लोकांना द्रुतगती मार्ग आणि लोकलचं स्टेशन आठवतं. आजोबांचं पनवेल खाडीच्या पाण्यावर जगणारं होतं. त्यांच्या आजोबांनी पाहिलेलं ते सांगत: भरतीबरोबर मुंबईहून पडाव आणि मचवे गाढी नदीच्या मुखातून आत येत, माल उतरे, आणि बैलगाड्यांच्या रांगा बोरघाटाकडे निघत. 1830 मध्ये बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता झाला, तेव्हापासून मुंबई ते पुणे प्रवासाचा सरळ मार्ग म्हणजे होडीनं पनवेल आणि पुढे गाडीनं घाट. साहेब, शिपाई, व्यापारी, कीर्तनकार, पुण्याला शिकायला निघालेली पोरं, सगळे पनवेलला एक रात्र तरी काढत. पनवेलच्या सुतारांनी केलेली गाड्यांची चाकं घाटावर नावाजलेली होती, हे आजोबा अभिमानानं सांगत. 1852 साली इथे नगरपालिका झाली, ती देशातल्या अगदी आरंभीच्या नगरपालिकांपैकी एक. एवढी वर्दळ होती म्हणूनच झाली.

मग 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. ती कल्याण, कर्जतवरून गेली; पनवेल बाजूला पडलं. "गाडीनं आमचं बंदर खाल्लं," हे आजोबांचे शब्द. गाडीवानांचं काम गेलं, त्यांच्यामागून चाकं करणाऱ्यांचं, मग धर्मशाळेच्या आसपासच्या दुकानदारांचं. माणसं मुंबईला गेली, गिरण्यांत, गोदीत, पलटणीत, छापखान्यांत. पनवेलला रुळावरची गाडी आली तीच मुळी शंभर वर्षांनंतर, 1960च्या दशकात. मधल्या काळात जे गेले, त्यांच्यापैकी काही जणांना मुंबईच्या चाळीत कुणीतरी विचारलं असेल, "कुठले तुम्ही?" आणि भाड्याच्या पावतीवर उत्तर लिहिलं गेलं असेल. जात कोणतीही असो, आडनाव त्या उत्तराचं झालं.

या गेलेल्यांत एक समाज असा, की ज्यानं गावाचं नाव सर्वांपेक्षा जास्त जपलं. ते म्हणजे बेने इस्राएल, आपल्या कोकणातले मराठी यहुदी. आमच्या शेजारच्या मावशीआजी त्यांच्यातल्या. आजी त्यांना बाई म्हणे, त्या आजीला वहिनी म्हणत, आणि आम्ही पोरं त्यांना मावशीआजी. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्यांचा स्वयंपाक उरकलेला असे. शनिवारी चूल पेटायची नाही. संध्याकाळी तीन तारे दिसेपर्यंत दिव्यालाही त्या हात लावत नसत. आमच्या घरातलं कुणी जाऊन दिवा लावून यायचं, हा न बोलता ठरलेला शेजारधर्म होता. मी लहान असताना त्या कामाला मलाच पाठवत, आणि परत येताना हातात खजूर नाहीतर करंजी असे.

मावशीआजींच्या घरातला मलिदा मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. नवस फेडायचा असला, लग्न ठरलं असलं, कुणी आजारातून उठलं असलं, की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा होई. मोठ्या परातीत भिजवलेले पोहे, त्यात खवलेला ओला नारळ, साखर, वेलची, वर केळ्याचे काप, खजूर, सफरचंद, आणि बाजूला गुलाबाची फुलं. हिब्रू प्रार्थना झाली की सगळ्यांनी फळं वाटून घ्यायची. पोहे, नारळ, केळी: आमच्या सत्यनारायणाच्या प्रसादाला लागणारंच सामान, आणि प्रार्थना दोन हजार वर्षांमागच्या भाषेतली. नव्याच्या सणाला त्या गव्हाचा चीक काढून त्याचा हलवा करत, नारळाच्या दुधात. गाईचं दूध त्यात नसे, कारण त्यांच्याकडे मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, आणि सणाच्या जेवणात मटण असायचंच. दिवसभर गहू भिजवून, वाटून, पिळून, पळीनं घोटून तो हलवा थाळीत ओतला की लालसर काच ओतल्यासारखा दिसे. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाच्या दिवसाला तर त्यांच्याकडे बिरड्याचा सण म्हणत. वालाचं बिरडं, केळीच्या पानावर. सगळ्या पनवेलला आवडणारी भाजी, आणि त्यांनी तिच्या नावावर हजारो मैलांवरच्या मंदिराचं सुतक ठेवलेलं.

त्यांचा मूळ इतिहास मावशीआजी अशा सांगत, जणू कालचीच गोष्ट. गलबत वादळात सापडलं, चौल बंदराच्या जवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली ती नवगावला पुरली. आजही अलिबागजवळच्या नवगावला ते ठिकाण दाखवतात, आणि तिथे स्मारक उभं आहे. पोथ्या, पुस्तकं समुद्रात गेली. वाचलेल्यांनी कोकणातलाच एक धंदा धरला, तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. हे नेमकं कधी घडलं याबद्दल विद्वानांची मतं वेगवेगळी आहेत. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात मात्र त्यांच्या रक्तात पश्चिम आशियातल्या यहुद्यांचा आणि इथल्या लोकांचा, दोन्हींचा अंश सापडला. हे ऐकायला मावशीआजी तेव्हा असायला हव्या होत्या असं फार वाटतं. त्या म्हणाल्या असत्या, "मग आम्ही काय खोटं सांगत होतो?"

शनवार तेली गावोगाव पसरले. एका गावात दोन-चार घरांपेक्षा जास्त घाणे चालणार नाहीत, म्हणून पुढच्या पिढीनं पुढचं गाव धरायचं. मग लग्नकार्याला, मर्तिकाला सगळे जमले की कोण कुठला हे कळायला गावाचं नाव. दिव्याचे ते दिवेकर, किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, पेझारीचे पेझारकर, चौलचे चेऊलकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, पनवेलचे पनवेलकर. शंभराहून अधिक गावांची नावं अशी त्यांच्या आडनावांत आहेत. डेव्हिड राहबी नावाच्या गुरूनं या समाजाला धर्माचे विसरलेले पाठ परत शिकवले आणि तीन घराण्यांना काझीपण दिलं, ती घराणीही झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर. अलिबाग तालुक्याचा नकाशा घ्या आणि बेने इस्राएल आडनावांची यादी शेजारी ठेवा. ज्या वाड्या आता रिसॉर्टच्या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या आहेत, त्यांची जुनी नावं त्या यादीत धडधाकट आहेत. माझ्या मते उत्तर कोकणाच्या गावांची याहून जिवंत नोंदवही नाही.

या आडनावांचं आणखी एक सांगते. ती कुणा एका धर्माची नाहीत. दांडेकर चित्पावनांत आहेत आणि बेने इस्राएलांतही आहेत. लेखिका एस्थर डेव्हिड या दांडेकर घराण्यातल्या. दिवेकरही दोन्हीकडे. पनवेलकर म्हणून कुणी भेटला तर तो कोणत्या देवाला हात जोडतो हे आडनावावरून सांगता येत नाही. मला यात मोठं समाधान वाटतं. गावानं आपलं नाव देताना विचारपूस केली नाही.

गावाबाहेर पडण्यात बेने इस्राएल सगळ्यांच्या पुढे होते. त्यांच्यातलं पहिलं कुटुंब 1746 मध्ये मुंबईत राहायला गेलं असं सांगतात, ते दिवेकरांचं. त्याच घराण्यातले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युअल एझेकिएल, इंग्रजांच्या पलटणीत कमांडंट होते. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले. मावशीआजी सांगत की टिपूच्या आईनं या लोकांचं नाव ऐकलं आणि जीव वाचवला. सुटून आल्यावर त्यांनी 1796 मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, शार हारहमिम. आमचे बेने इस्राएल सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव याच मशिदीवरून पडल्याचं सांगतात. कोकणातल्या गावांतही मग सिनेगॉग उभी राहिली. पनवेलचं बेथ एल 1849 सालचं. मावशीआजींचा हात धरून मी एकदा आत गेले होते. मधोमध लाकडी कठड्याचा उंच तेबा म्हणजे प्रार्थनेचा चौथरा, पुढे पडद्यामागे हेखाल म्हणजे पवित्र कपाट आणि त्यात सेफर तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या, छताला टांगलेल्या काचेच्या हंड्या. बायका वरच्या सज्जात बसत. भिंतीवर देणगीदारांची नावं होती, आणि ती मराठीत होती.

मुंबईत गेल्यावर मात्र या आडनावांची पडझड सुरू झाली. इंग्रजी शाळेच्या दाखल्यावर, पलटणीच्या आणि रेल्वेच्या यादीत दोन नावं पुरत: स्वतःचं आणि बापाचं. गाव गळून गेलं. कवी निसिम एझेकिएल यांचं घराणं तळकरांचं, हे त्यांच्या कविता वाचणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा म्हणजे डेव्हिड हे चेऊलकर. पडद्यावर नाव फक्त डेव्हिड. डॉ. जेरुशा झिराड यांनी मात्र गावाचं नाव सोडलं नाही, नुसता 'कर' सोडला. लंडनची एम.डी. होऊन आलेल्या या बाईंनी मुंबईच्या कामा इस्पितळात अनेक वर्षं काम केलं, आणि झिराड हे अलिबागजवळचं खेडं वैद्यकीच्या इतिहासात जाऊन बसलं.

ज्यांनी गाव जपलं त्यांनी ते ग्रंथांच्या मुखपृष्ठावर नेलं. 1874 मध्ये पुण्यात हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठीत छापली गेली, ती दोघा तळकरांनी. त्यातल्या चित्रांत बेखमिरी भाकरी लाटणाऱ्या बायका लुगड्यांत आहेत. बेंजामिन अष्टमकर यांनी 1880च्या सुमारास बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली, आर्या, साकी, अभंगाच्या चालींसकट. हायेम सॅम्युअल किहीमकर यांनी आपल्या भावांसह 1875 मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली, आणि मग वर्षानुवर्षं म्हाताऱ्यांना विचारून समाजाचा इतिहास लिहिला. तो 1897 मध्ये लिहून झाला. छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून होतं. ते हरवलं असतं तर शनवार तेल्यांच्या चालीरीती, सणांची मराठी नावं, घराण्यांच्या हकिकती, यातलं निम्मं आज कुणालाच माहीत नसतं. मला किहीमकर आपले थोर इतिहासकार वाटतात. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव असायला हवं होतं.

1948 नंतर पुन्हा गलबतं, आता विमानंही, आणि या खेपेला उलट दिशेनं. कोकणातली घरं एकेक करून बंद झाली. मावशीआजींचा थोरला मुलगा गेला, मग धाकटा गेला, मग मुलगी. तिथेही सगळं सुखाचं नव्हतं. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं बेने इस्राएलांच्या लग्नांना अडथळे घातले, त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली. या लोकांनी उपोषणं केली, धरणं धरली, आणि 1964 मध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी ते सर्वार्थानं यहुदी असल्याचं जाहीर केलं तेव्हा कुठे वाद मिटला. मावशीआजी हे सांगताना आवाज चढवत: "दोन हजार वर्षं शनिवार पाळला, आणि हे आम्हाला विचारतात!" आजी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलेली असे.

मुलांची पत्रं निळ्या एअरोग्रामवर येत. मावशीआजींचे डोळे अधू झाल्यावर ती वाचायचं काम माझ्या आत्याकडे आलं. मराठी जुन्या वळणाची, मधूनच एखादा हिब्रू शब्द देवनागरीत. प्रश्न ठरलेले: यंदा पाऊस किती झाला, वडाळे तलाव भरला का, कोळंबी काय भावानं. एका पत्रात नातवाच्या शाळेची गोष्ट होती. बाईंनी वर्गात विचारलं, तुझ्या आडनावाचा अर्थ काय? पोराला माहीत नव्हतं, तो घरी येऊन विचारत होता. मावशीआजींनी उत्तर सांगितलं आणि आत्यानं लिहून घेतलं. पनवेल कुठे आहे, खाडी कशी आहे, सिनेगॉग कुठल्या रस्त्याला लागतं, आपला घाणा कुठे होता, विहीर कुठल्या बाजूला, सगळं. पत्राला जागा पुरेना तेव्हा त्यांनी आत्याला आडव्या समासात लिहायला लावलं. त्या पोराला आपलं गाव पत्रातूनच मिळालं.

तिकडे दिमोना, लोद, अश्दोद, बीरशेबा या गावांत आज कोकणातली ही आडनावं हिब्रू लिपीत दारांवर आहेत. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलं. मलिदा तिथेही होतो. काहींनी तिथल्या वळणाची नवी आडनावं घेतली, मुलींच्या लग्नानंतर काही घराण्यांचं नाव संपलं. इथे पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा या गावांत सिनेगॉग आहेत, पण प्रार्थनेला दहा पुरुष जमवणं कठीण. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारनं यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. तोवर गावांतून बहुतेक सगळे गेलेले होते.

मावशीआजी शेवटपर्यंत गेल्या नाहीत. त्यांच्यामागे पत्रांचा गठ्ठा आमच्या घरी राहिला, आत्याच्या कपाटात तळच्या खणात. 26 जुलै 2005 च्या पुरात गाढीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. पाणी ओसरल्यावर गठ्ठा हाती लागला तो निळ्या लगद्याचा. आत्यानं काही पानं उन्हात वाळत घातली, शाई पार पसरलेली होती. आजी, आजोबा, मावशीआजी तोवर कुणीच राहिलं नव्हतं. आत्याला जेवढं आठवत होतं तेवढं तिनं सांगितलं आणि मी वहीत उतरवलं. हा लेख त्या वहीतला आहे.

तुमच्या घरात पेणकर, रोहेकर, किहीमकर, चौलकर, पनवेलकर असं कुठल्याही गावाचं आडनाव असेल, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ या आठवड्यात बसा. गाव कुणी सोडलं, कोणत्या साली, कोणत्या कारणानं, कशातून गेले, मागे कोण राहिलं, हे विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. कोकणातल्या बेने इस्राएल दफनभूमींत हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही अक्षरांतले दगड आहेत. त्यांच्यावर शेवाळ चढतं आहे. तुमच्या गावात असे दगड असतील तर त्यांचे फोटो काढा, नावं आणि गावं उतरवून घ्या, आणि एक प्रत जवळच्या ग्रंथालयात द्या. कपाटाच्या तळच्या खणात ठेवू नका.